कतारचे किल्ले आणि आमच्या बुरुजाच्या चौदा मोऱ्या

आमच्या दुर्गमंडळाचा वार्षिक अंक निघतो आणि त्यात दरवर्षी माझा एक लेख असतो. मंडळाचा अध्यक्ष मी, अंकाचा संपादकही मी, तेव्हा लेख साभार परत येण्याचा प्रश्न नाही. यंदा मी कतारला जाऊन आलो म्हटल्यावर मंडळींनी आग्रहच धरला, "मास्तर, तिकडचे किल्ले लिहा." वाळवंटात किल्ले असतात हे आपल्याकडे कुणाला खरं वाटत नाही. असतात. बारा दिवसांत मी चार पाहिले. प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. माझं तसं काही झालं नाही. मी नुसता लाजून परत आलो.

लेकीकडे जातो असं सगळ्यांना सांगून गेलो होतो. मनीषा आणि जावई दोह्यात अबू हमूरला राहतात, ते खरंच आहे. पण माझं काम माझा धाकटा भाऊ सुदाम याच्याशी होतं. सुदाम गवंडी आहे. आमचे आबाही गवंडीच. मी शिकलो, इतिहासाचा मास्तर झालो. सुदामने आबांची थापी उचलली. चार वर्षांपूर्वी तो कतारला गेला, तेव्हापासून आमचं बोलणं नाही. आणि आमच्या गडाचा दक्षिण बुरूज दोन पावसाळ्यांपूर्वी ढासळला. एक तृतीयांश भाग तेवढा उभा आहे, त्यावर आपलं निशाण आहे. तो वेळेत बांधून काढला नाही तर निशाणासकट खाली येणार. चुन्यातलं जुनं काम जाणणारा गवंडी तालुक्यात एकच, आणि तो वाळवंटात बसलेला. त्याला तीन महिन्यांसाठी गावी घेऊन यायचं, एवढ्यासाठी मी विमानात बसलो.

अबू हमूर

इथे पायी चालणाऱ्या माणसाला वेडा समजतात. पहिल्या सकाळी सवयीप्रमाणे फिरायला निघालो. भिंतीमागून भिंत, फाटकामागून फाटक, मधे माणूस नाही. अर्ध्या तासाने एक गाडी थांबली, काच खाली झाली आणि आतल्या भल्या माणसाने हिंदीत विचारलं, "चाचा, गाडी बिगड गयी क्या?" मी म्हटलं, मी चालतोय. त्याला ते पटलं नाही. शेवटी त्यानेच मला घरी आणून सोडलं.

घराघराला पुरुषभर उंच भिंत. मला ते बरं वाटलं. म्हटलं, या लोकांच्या अंगात अजून किल्ला आहे. नात आर्या नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तटबंदी म्हणजे काय, हे तिला मी अर्धा तास समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट अ वॉल." मनीषा हसली. मी हसलो नाही. माझी विद्यार्थिनी असती तर वर्गाबाहेर उभी केली असती.

सुदामला फोन मनीषानेच लावला. तो म्हणाला, शुक्रवारशिवाय सुट्टी नाही, आणि या शुक्रवारी जमायचं नाही. पुढच्या शुक्रवारी या. म्हणजे आठ दिवस मला वाट पाहायला लावणार. सख्ख्या भावाला! मी चडफडलो, पण अडला हरी. तेवढे दिवस किल्ले पाहायचे ठरवलं.

उम्म सलाल मोहम्मद

मनीषाच्या ओळखीचे टॅक्सीवाले दाऊदभाई, मूळचे रत्नागिरीकडचे. पंचवीस वर्षं इथे आहेत, पण बोलण्यात समुद्र तसाच. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी मला तोललं. "मास्तर, तुमी सातारचे. आता तुमाला आमच्या जंजिऱ्यापुढं ह्ये काय आवडनार? मातीची डबडी हायती नुसती. पन चला, यल्ला."

बर्झानचे बुरूज दोह्याच्या थोडं उत्तरेला, या उम्म सलालमध्ये आहेत. दोन उंच मनोरे, फिकट मातीच्या रंगाचे, बाहेरून जिना. वर उभं राहून समुद्रात मोती काढायला गेलेल्या होड्यांवर नजर ठेवायची आणि रमजानचा चंद्र पाहायचा, असा त्यांचा उपयोग. आपल्याकडे टेहळणीच्या बुरुजावरून कुणी चंद्र पाहिल्याची नोंद माझ्या वाचनात नाही. मी दाऊदभाईंना भिंतीची जाडी, उताराच्या बाजूला बांधलेले बंधारे, सगळं समजावत होतो. ते मान डोलावत होते आणि मधूनमधून घड्याळ पाहत होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, तुमचा भाव गवंडी ना? मग ह्ये त्येनं सांगायला पायजे. तुमी इतिहास सांगा."

परतताना त्यांनी रस्त्याकडेला करक चहा पाजला, वेलदोडा घातलेला, दाट. आपल्या एसटी स्टँडवरच्या चहाचा श्रीमंत भाऊ.

झुबारा आणि मुरवाब

वायव्येला दोन तासांवर झुबारा. वाटेत मी दाऊदभाईंना जाहीर करून टाकलं की हा किल्ला चारशे वर्षांचा तरी असणार. चौकोनी रचना, कोपऱ्यांवर बुरूज, दरवाजाच्या वर खाली मारा करायच्या फटी, हे मध्ययुगाशिवाय होत नाही. तीन बुरूज गोल आणि एक चौकोनी, याचंही कारण मी तयार ठेवलं होतं. आत गेलो. पहारेकरी नेपाळी, मोठा हसतमुख. पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, नाइन्टीन थर्टी एट." तटरक्षक पोलिसांची चौकी म्हणून बांधलेला. म्हणजे आमचे आबा या किल्ल्यापेक्षा वयाने मोठे!

दाऊदभाई पाटी मोठ्याने वाचत होते. दोनदा वाचली.

पण मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या किल्ल्याचं वय माझ्या बापाएवढं नाही, त्याला हे लोक किती जपतात! भिंतीवर एक नाव कोरलेलं नाही. बदाम नाही, बाण नाही, 'अमुकतमुक ग्रुप' नाही. समुद्रातला दगड आणि मातीचा गारा, जाड भिंती, आत खोल विहीर, खाली शिपायांच्या छोट्या खोल्या. लाकडाचे वासे, त्यावर बांबू, चटई आणि वर माती, असं छत. भर उन्हात आत गार. जंग्यांतून, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेल्या भोकांतून, वाळूची एक सरळ पट्टी दिसत होती. असल्या खोलीत शिपाई दिवसभर काय करत असतील? विहिरीचं पाणी मोजत असतील आणि घरच्या आठवणी काढत असतील. बाहेर आलो तर दाऊदभाई मोबाईलवर बायकोला हेच विचारत होते, विहिरीला पाणी आहे का.

परतताना मुरवाब पाहिलं. हे मात्र अस्सल जुनं, नवव्या शतकातलं. एका पडलेल्या किल्ल्याच्या अवशेषांवर दुसरा किल्ला, भोवती दोनशेच्या वर घरं, दोन मशिदी, आणि सगळं आता गुडघ्याएवढं. समुद्रापासून आत. इतकी माणसं इथे कशी जगली आणि कुठे गेली, कोण जाणे. दाऊदभाईंनी गाडी रस्त्यावरून थोडी खाली घेतली आणि चाक वाळूत रुतलं. मी हजार वर्षांपूर्वीच्या उंबऱ्यावर बसून राहिलो आणि ते चाकाखाली पायपुसणी घालत मला ऐकवत राहिले, "पडल्यावर परत त्याच जागी बांधला म्हंजे ह्या लोकांत काय तरी एकी हुती बघा. आमच्याकडं भिंत पडली की पयलं भांडान सुरू."

त्यांना आमच्या घरचं काहीच ठाऊक नव्हतं. मी मात्र उंबऱ्यावरून उठून गाडीला हात द्यायला गेलो.

शुक्रवार, सुदामचा किल्ला

सुदाम ज्या किल्ल्यावर काम करतो त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याच्या कंपनीला आवडायचं नाही. उत्तरेला आहे, लहान आहे, एका विहिरीची राखण करायला बांधलेला. सुट्टीचा दिवस होता, पण मातीचा गारा भिजत घातलेला असला की तो शुक्रवारीही दोन तास येऊन जातो. दाऊदभाई मला सोडून नमाजाला गेले.

चार वर्षांत सुदाम वाळला होता. डोक्यावर हेल्मेट, अंगावर पिवळं जाकीट. मला पाहून हातातलं घमेलं खाली ठेवलं, पायाला हात लावला. म्हणाला, "आलास व्हय, दादा. ऊन लागंल, आत ये." एवढंच.

तो मला किल्ला दाखवायला लागला आणि आठ दिवस मी दाऊदभाईंना जे सांगत होतो ते सगळं मला फुकटचं वाटायला लागलं. गारा तुसात कालवून किती दिवस मुरवायचा, तो पायाने कसा मळायचा, मुठीत गोळा करून वरून सोडला तर किती फुटला पाहिजे, हे तो सांगत होता. खाली एका बाजूला आधी कुणीतरी सिमेंटचा हात मारलेला होता. तो छिन्नीने इंच इंच खरवडून काढायचं काम चाललं होतं. सिमेंटच्या मागचा दगड बोटानेही कुस्करला जात होता.

"इंजिनियर बाई हायती हितं, तिकडं युरोपातल्या," सुदाम म्हणाला. "रोज सकाळी इचारत्यात, सुदाम, गारा झाला का? म्या म्हनलं, अजून एक दिस मुरू दे, की काम बंद. समद्यांचं बंद. म्या हो म्हनस्तवर थापी उचलत न्हाईत."

एका खोलीत जमिनीत समांतर नाल्या कोरलेल्या होत्या. खजुराच्या थप्प्या वर रचायच्या, त्यांच्या भाराने रस निघायचा, नाल्यांतून वाहत कोपऱ्यातल्या रांजणात पडायचा. आपल्या काकवीसारखा. छपराच्या कडेला लाकडी पन्हळी भिंतीबाहेर काढलेल्या होत्या, पावसाच्या पाण्यासाठी. मी म्हटलं, इथे पाऊस तो किती, आणि पन्हळी एवढ्या?

सुदाम माझ्याकडे न बघता म्हणाला, "वर्साला चार सरी पडत्यात. तरीबी वाट ठिवल्याली हाय. आबा म्हनायचं ना, भित पान्यानं पडत न्हाई, कोंडल्याल्या पान्यानं पडती."

आता मला सांगायला हवं की आमच्या बुरुजाचं काय झालं. मंडळातल्या नव्या लोकांना हे माहीत नाही, आणि जुन्यांना जे माहीत आहे ते मी सांगितलेलं आहे.

चार वर्षांपूर्वी आपण श्रमदानाने दक्षिण बुरूज दुरुस्त केला. गड कुणाच्याच यादीत नाही, म्हणून आपणच त्याचे मायबाप. वरचे निखळलेले थर सुदामने चुन्यात बसवले. बुरुजाच्या पायथ्याला मोऱ्या होत्या, हात जाईल एवढी चौकोनी भोकं, आत मुरलेलं पाणी बाहेर पडायला ठेवलेली. त्यांत घूस शिरते, गवत माजतं, फोटोत वाईट दिसतं. मी ठरवलं, बुजवायच्या. सुदाम सगळ्यांसमोर म्हणाला, दादा, ती भोकं बुजवू नको, बुरूज फुगंल. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुला दगड बसवायला बोलावलंय, मत द्यायला नाही. इतिहास मला शिकवू नकोस." लोक हसले. एका रविवारी आपण चौदा मोऱ्या सिमेंटने बंद केल्या आणि वर मंडळाचं नाव लिहिलं. पुढच्या महिन्यात सुदाम कतारला गेला. पहिला पावसाळा बुरूज उभा राहिला. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या पोटाला फुगवटा आला आणि एका सकाळी तो उघडला.

तेव्हा ग्रामसभेत मला विचारलं गेलं, बुरूज का पडला? मी काय सांगितलं ते सुदामने मला त्या किल्ल्यात, खजुराच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून ऐकवलं. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेला व्हिडिओ त्याने फोनमध्ये दोन वर्षं जपून ठेवलाय. माझाच आवाज, वर्गात शिकवतो तसा स्पष्ट: "गवंडीकाम कच्चं होतं. जो भाग आज उभा आहे, तो मंडळाच्या सिमेंटमुळे उभा आहे."

मी घाम पुसला. मग आलो त्या कामाचं बोललो. म्हटलं, झालं गेलं, सुदाम. उरलेला बुरूज वाचवायचाय. रजा टाक, चल गावी.

"येतो की," तो म्हणाला. "तू ग्रामसभेत उभा ऱ्हा आन सांग, 'मोऱ्या म्या बुजवल्या'. मग येतो."

आणि मी काय म्हणावं? छापायला लाज वाटते, पण संपादक मीच आहे. मी म्हणालो, "अरे, मंडळाचं नाव जाईल."

"आनि माजं?" सुदाम म्हणाला. आवाज चढला नव्हता. "माज्या पोरीचं, शकूचं, लगीन ठरत आलं हुतं. पावन्यांनी इचारलं, बुरूज पाडल्याला गवंडी त्यो ह्योच का? मोडलं. तुला म्हाईत तरी हाय का, दादा?"

मला माहीत नव्हतं. त्याचं घर माझ्या घरापासून तीन घरं सोडून आहे.

त्याने डबा उघडला. मटकीची उसळ आणि खुबूस, म्हणजे इथली जाड रोटी. निम्मं मला वाढलं. आम्ही जेवलो. उसळ आईच्या हातची असावी तशी होती आणि मला ती जाईना. त्याने टाकलंस का म्हणून विचारलं नाही. दाऊदभाई परत आले तेव्हा सुदाम पुन्हा गारा मळत होता, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, आबा मळायचे तसा एका पायावर भार देत. मी निघतो म्हटलं. त्याने हात वर केला, बस.

गाडीत दाऊदभाईंनी विचारलं, "काय मास्तर, येतोय ना भाव?" मी म्हटलं, इन्शाल्ला. त्यांनी माझ्याकडे आरशातून पाहिलं आणि पुढचे दोन तास रेडिओ लावला.

परत

मी निघालो त्या दिवशी सुदाम विमानतळावर आला नाही. अल रय्यानला त्याच्या कंपनीची खोली आहे, सहा जणांत एक. तिथे जाऊ का म्हणून फोन केला, तर म्हणाला ड्युटी आहे. दाऊदभाईंच्या हाती त्याने खजुराच्या रसाची बाटली पाठवली होती, त्याच्या वहिनीसाठी. माझ्यासाठी काही नव्हतं. का असावं?

गावी येऊन एक महिना झाला. ग्रामसभा झाली. मी गेलो, पहिल्या रांगेत बसलो, हार घेतला, कतारबद्दल चार शब्द बोललो, आणि जे बोलायचं होतं ते बोललो नाही. भर सभेत अकबराचं धोरण चुकलं, औरंगजेबाचं चुकलं असं मी चाळीस वर्षं सांगत आलो. 'माझं चुकलं' म्हणायला तोंड उघडेना. म्हणून हे लिहिलं. दक्षिण बुरुजाचं गवंडीकाम पक्कं होतं. तो मी पाडला, त्याच्या चौदा मोऱ्या बुजवून. सुदामने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि मग त्याचंच नाव घेतलं. हा अंक घरोघर जातो. शकूच्या त्या पाहुण्यांच्या गावीही मी स्वतः नेऊन देणार आहे.

छापायला देण्याआधी हा लेख फोनवर सुदामला वाचून दाखवला. त्याच्याकडे दुपारची जेवणाची सुट्टी होती. मागे भांड्यांचा आवाज येत होता. संपल्यावर म्हणाला, "एक चुकलंय."

"काय?"

"मोऱ्या चौदा न्हवत्या. सोळा हुत्या. पच्चिम अंगाच्या दोन म्या आदल्या दिवशी कोरडं दगूड लावून झाकल्या, तुला दिसू नयेत म्हनून. तुमी समदी फोटो काढून गेल्यावर काढलं दगूड."

मी विचारलं, "सुदाम, येशील का?"

"जेवतो आता," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच गडावर गेलो. बुरुजाचा उभा राहिलेला तुकडा पश्चिमेचाच आहे. त्याच्यासमोर उभं राहून मी किती भाषणं केली, मंडळाच्या सिमेंटचे किती गोडवे गायले! पायथ्याची करवंदीची जाळी हाताने बाजूला केली. खरचटलं. मागे दोन मोऱ्या होत्या, मोकळ्या, तोंडं चुन्यात नीट बांधून काढलेली. एकीत हात घातला. कोपरापर्यंत आत गेला, आणि आतली माती कोरडी होती.